माझ्या परातीत पाणी ओततंय कोण?

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. एकच कॉफी, रोजची नोंद, विश्वास कुणावरही नाही.
मरीबा गावातल्या आमच्या ज्यूस फॅक्टरीतली आंब्याची साल आजवर गुरांच्या तोंडी जायची. मी तिच्यातून पिवळं औषधी द्रव्य काढणार, तेही पेट्रोलचे भाऊबंद न वापरता. माझा द्रावक हरित आहे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती एक पावडर आणि लिंबूसत्त्व. दोन्ही कोरडी, एकत्र गरम केली की पाक. वास नाही, वाफ नाही, पेट घेण्याची भीती नाही. या प्रयोगासाठी फॅक्टरीकडे केलेल्या अर्जातलं हे वाक्य माझंच.
१४ तारखेला ब्रिस्बेनहून गिऱ्हाईक येणार. चमचाभर पावडर दाखवली की ही प्रयोगाची शेड माझी आणि मदतनीस नेरिडा कायम. नाही तर साल पुन्हा गुरांना आणि आम्ही दोघं घरी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
अर्क उतरला. परातीत ओतून उघडा ठेवला. द्रावक उडून जाईल, पावडर उरेल. सोपं आहे. पातळीला पेनने रेघ मारली.
नेरिडा म्हणाली, अरे बर्नी, हा उडणाऱ्यातला नव्हे, अर्जात तूच लिहिलंयस. हिने माझा अर्ज वाचला कधी? आणि का?

बुधवार, ५ फेब्रुवारी. ६.०५
पातळी रेघेच्या वर! म्हणजे कोणीतरी पाणी ओतलं. चोर घेऊन जातो, हा आणून घालतो. घातपात. कुलूप बदललं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आणखी बोटभर वाढ. तळाशी पिवळा गाळ. भेसळ! गाळ निगुतीने काढून मोरीत ओतला.
पाऊस थांबायचं नाव नाही. कँटीनमधलं मीठ डबीतून पडत नाही. तिथेही कोणी पाणी घालतंय का, बघायला हवं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
संशयित: गुरंवाला डग. त्याच्या गुरांची फुकटची साल बंद झालीय. आज मला दोनदा गुड मॉर्निंग म्हणाला. एकदा ठीक होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी
काल जाताना दारात पीठ पसरलं होतं. सकाळी पावलं फक्त माझी. माणूस भलताच मुरलेला दिसतो.
दुसरी कॉफी घेतली. तपासकामात चालते.

सोमवार, १० फेब्रुवारी
पुन्हा गाळ, पुन्हा मोरी. नेरिडाने विचारलं, गाळ कुठाय? फेकू नकोस, मला दे. पुरावा गायब करायला निघाली! डग निर्दोष.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
मॅनेजर ग्लेनिसकडे लेखी तक्रार दिली. तिने नेरिडाला बोलावून कागद वाचायला दिला. नेरिडाने तो दोनदा वाचला. ॲप्रन काढून खुंटीला लावला. म्हणाली, अकरा वर्षांत मी इथून आंब्याची कोयसुद्धा घरी नेली नाही रे. आणि गेली.
क्षणभर वाईट वाटलं. पण शास्त्रात भावनेला जागा नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नेरिडा नाही, तरी पातळी वाढली. म्हणजे साथीदार आहे. नऊपासून परातीसमोर खुर्ची टाकून बसलो. कोणी आलं नाही. पाच वाजता बघतो तर पातळी माझ्या डोळ्यांदेखत वर गेलेली. भीती वाटली. चार कॉफ्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी १
ग्लेनिस आली. कोंबड्यांची ती कोरडी पावडर चिमूटभर बशीत टाकली आणि म्हणाली, चहा घेऊ. चहा होईपर्यंत बशीत थारोळं. हे हवेतलं पाणी पितं, बर्नी, ती म्हणाली. पाणी वाढलं की द्रव्य सुटून तळाशी बसतं. तू मोरीत ओतलास तो गाळ नव्हता, आपला माल होता.
हे तिला नेरिडाने फोनवर समजावलं होतं. नेरिडा मला चौथ्या तारखेपासून समजावत होती.
तत्त्वतः माझी पद्धत यशस्वी झाली आहे. फक्त माल मोरीत आहे.
४.३०. नेरिडाला तीनदा फोन केला. उचलत नाही. लाज वाटते. खरंच वाटते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
ग्लेनिस सकाळीच गाडी घेऊन नेरिडाच्या घरी गेली. काय बोलली माहीत नाही, पण नेरिडा आली. माझ्याकडे न बघता तिने खुंटीवरचा ॲप्रन घातला. परातीत उरलेल्या अर्कात सरळ नळाचं पाणी सोडलं. तासाभरात पिवळं काही खाली बसलं. गाळून, सुकवून चमचाभर पावडर झाली. चमच्याला शीग नव्हती, पण तो भरला होता.
गिऱ्हाईक खूश. नेरिडाला बरंच विचारत होतं, ती पटापट सांगत होती. मी फडक्याने परात पुसत उभा. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?
नेरिडा म्हणाली, हा बर्नी, माझा मदतनीस.
मी नाही म्हणालो नाही.