मागची दोन चाकं

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर मी तीनदा लिहायला घेतलं. पहिल्यावर चहा सांडला. दुसरं इतकं शहाण्यासारखं झालं की माझं मलाच ओळखू येईना, म्हणून फाडलं. हे तिसरं. यात खाडाखोड दिसेल आणि विषय सोडून पळणंही दिसेल. शाळेत बाई म्हणायच्या ना, हिच्या निबंधाला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधल्या वेळात ही फिरायला गेलेली असते. तसंच समज.

आधी दुसऱ्या पाहुण्याबद्दल तुला घट्ट मिठी. गोटी तुझ्या पोटावर कप ठेवून बघते हे वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी भिंत ठोकली. तीन वर्षांची झाली ना आता? माझ्या डोक्यात ती अजून दुपट्यातलीच आहे. चूक माझीच. दोन वर्षांत मी तुमच्याकडे दीड वेळा आले. दीड म्हणजे, दुसऱ्या वेळी दारातूनच परत गेले ती. बस चुकेल म्हणाले होते, आठवतं? बसला अजून तीन तास होते.

तू विचारलंस, दोन पोरांना बाबागाडी कुठली घ्यावी, आता तू त्यातली जाणकार झालीस म्हणे. जाणकार कसली! पण हो, या दुकानात मी पाच महिने टिकले आहे. हसू नकोस. फळबागेत तीन आठवडे, सामान हलवणाऱ्यांच्या ट्रकवर दोन महिने आणि नदीच्या फेरीवर तिकिटं फाडायला तर पाचच दिवस, कारण मला बोट लागते हे बोटीत बसल्यावर कळलं. त्या मानाने इथे मी मुरलेली. पुढे काचेमागे नव्या गाड्या, मागच्या खोलीत दुरुस्ती. छताला चाकं टांगलेली आणि त्यांच्याखाली मिस्त्री बसतात, तोंडात कायम एखादा स्क्रू. स्क्रू काढल्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून कमी बोलतात. मालकीणबाई मात्र दोघांच्या वाटणीचं बोलतात. मी गिऱ्हाइकाला सगळं सांगत बसते म्हणून परवा म्हणाल्या, "आवर जरा, पोटातलं मूल शाळेत जायला लागेल तोवर गाडी ठरायची नाही तुझ्याच्याने." आणि गिऱ्हाइकं तरी कशी! काल एक गृहस्थ गाडीच्या डिकीचं माप दोन हातांत धरून आले. खरंच. हात समोर ताठ, मधे अंतर, तसाच रस्ता ओलांडला आणि दार खांद्याने ढकललं. बाई म्हणाल्या, "या, बसा, पण हात खाली करू नका." तेवढ्यात त्यांना शिंक आली आणि डिकी चार बोटं मोठी झाली.

बघ, गेलेच फिरायला.

तर गाडी. शेजारी-शेजारी बसायची घेऊ नकोस. दिसते झकास, पण तुमच्या लिफ्टचं दार अरुंद आहे. तिथे मी तुझी शिलाई मशीन अडकवली होती आणि वरच्या मजल्यावरच्या काकू अर्धा तास बाजाराची पिशवी घेऊन खाली उभ्या होत्या. एकामागे एक बसायची लिफ्टमधे जाईल, पण ती आगगाडीसारखी लांब. तुझ्या घराबाहेरच्या बोळात वळवताना नाकी नऊ येतील. शिवाय मागे बसलेल्या पोराला जन्मभर पुढच्याची टाळूच दिसते. माझं मत विचारशील तर एकाच बैठकीची घे. बाळ आडवं झोपेल अशी, आणि मागे उभं राहायला चाकांवरची फळी लाव. गोटी तीन वर्षांची, ती काय बसून राहणार आहे? चालेल, दमली की फळीवर उभी राहील, पुन्हा उतरेल. गुण मावशीचे असतील तर उतरेलच.

आणि हँडल खालीवर होणारं घे. तू लिहिलंस की माझ्याच उंचीचं बघ, ढकलणार मीच. त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंस की बाळंतपणानंतर दवाखान्यात परत जाणार नाहीस, राजीनामा लिहून ठेवला आहेस, कारण दोन लहान जीव ह्यांच्या भरवशावर कसे टाकू. आणि शेवटी दोन रेघा मारून, 'ब्रेक असा बघ की ह्यांना विसरताच येणार नाही.' मी ती ओळ इतक्यांदा वाचली की कागदाची घडी तिथे फाटली. बारा वर्षं नर्सचं काम केलंस तू, ताई. रात्रपाळी करून आल्यावरही दारातून हसत यायचीस. आणि भाऊजींनी गोटीला एकट्याने बाहेर नेलं त्याला दोन वर्षं होऊन गेली ना? कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा नाही?

त्या दिवसाचं मला सगळं पाठ आहे, मी तिथे नसूनही. औषधांच्या दुकानाबाहेरचा तो सिमेंटचा उतार. भाऊजींनी गोटीची बाबागाडी उभी केली, पायाने ब्रेक दाबला आणि एका म्हातारबाईंसाठी दार धरायला वळले. तेवढ्यात गाडी उतारावरून गेली, खालच्या कट्ट्याला आपटून उलटली. गोटीच्या हनुवटीला तीन टाके, हासळीचं हाड मोडलेलं, केवढासा तो खांदा. मी संध्याकाळी पोचले तेव्हा तू तिला घेऊन बसली होतीस आणि भाऊजी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते. सारखं एकच सांगत होते, "मी दाबला होता. टक् असं वाजलं होतं." आई म्हणाली, "पुरुषांना भानच नसतं हो पोरांचं, डोकं भलतीकडे." शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस, घरी निघताना गॅसचा नळ बघतो, फाटकापर्यंत जातो आणि पुन्हा येऊन बघतो, त्या माणसाला आई हे म्हणाली. आणि मी काय केलं? वातावरण हलकं करायला म्हणाले, "भाऊजी, ब्रेक म्हणजे काय ते माहीत आहे ना तुम्हाला, की पुढच्या वेळी चित्र काढून देऊ?" आई हसली. तूसुद्धा, रडतारडता. ते नाही हसले. चौथ्या दिवशी मी ऐकलं, ते तुला सांगत होते, "वाजलं असं मला वाटलं असेल. विसरलो असेन." आणि तिथून ते विसरलेलेच झाले.

आता मिस्त्रींचं सांगते. सांगायलाच हवं. कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक गाडी ठेवली आणि म्हणाले, बघ ब्रेक लागतो का. मी पायाने पट्टी दाबली, टक् वाजलं, मी म्हणाले, लागला. त्यांनी तोंडातला स्क्रू काढला. "आवाजावर जाऊ नकोस, पोरी. तो काय, कसाही निघतो." मग मागच्या खोलीतल्या लाकडी उतारावर गाडी लावली, बैठकीत वाळूची पिशवी ठेवली, हँडलला भरलेली थैली अडकवली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. तीन मोजेपर्यंत गाडी जागची हलली नाही. मग खाली गेली. "चाकाच्या आत खाचांची चकती असते," म्हणाले, "पट्टी दाबली की खीळ त्या खाचेत जाऊन बसायला पाहिजे. ही चाकं दुसऱ्या गाडीची आहेत. दिसायला तीच, रंग तोच, पण खाचा उथळ. सपाटीवर धरते. उतारावर, वजन पडलं की सुटते. कुणा शहाण्याने बदलली आहेत." मी म्हणाले, मला माहीत आहे हे. ते म्हणाले, कसं? मी म्हणाले, असंच.

ताई, गोटीची गाडी मी आणली होती. आठवतं, केवढ्या ऐटीत? तेव्हा मी जुन्या सामानाच्या दुकानात होते. सांगाडा उत्तम मिळाला, फक्त मागच्या चाकांचं रबर झिजलेलं. दुसऱ्या एका मोडक्या गाडीची जोडी काढून मी त्याला बसवली. नेमकी बसली. कोण खूश झाले मी! तू विचारलंस, सगळं मूळचंच आहे ना ग? मी म्हणाले, नवीच समज. चाकं बदलली हे सांगितलं असतं तर भाऊजींनी ती गाडी उलटी करून, चष्मा लावून तपासली असती, आणि मला माझं कौतुक आत्ताच्या आत्ता हवं होतं. दुकानाच्या मागे चांगला उतार होता. तिथे लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण मला दुसऱ्या दिवशी कुठेतरी जायचं होतं. कुठे, तेही आता आठवत नाही.

इथपर्यंत तू म्हणशील, वेडे, तुला कुठे ठाऊक होतं. थांब. पाचव्या दिवशी तू म्हणालीस, ती गाडी माझ्या नजरेसमोरून ने. मी ती खाली नेली. तुमच्या इमारतीच्या मागे, वाहनं आत जातात तिथे उतार आहे ना, तिथे उभी केली. ब्रेक दाबला. टक्. बैठकीत माझी पाठपिशवी ठेवली आणि हात सोडला. गाडी थोडा वेळ थांबली, मला तर वाटलं सुटले मी, आणि मग ती गेली. मी धावून धरली. पुन्हा वर आणली, पुन्हा सोडली. चार वेळा, ताई. दर वेळी गेली. वर तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि भाऊजींचा आवाज येत होता, गोटीला काहीतरी भरवत होते. वर जाऊन मला एक वाक्य बोलायचं होतं. मी गाडी भंगारवाल्याकडे देऊन आले आणि तुला म्हणाले, टाकली. दोन दिवसांनी फळबागेत निघून गेले. लोक मला म्हणतात, तुझा पाय एका जागी ठरत नाही, आणि मीही मान डोलावते, जणू ती हौस आहे. तुमच्या घरातून फोन आला की मी आधी ऐकते मागे भाऊजी बोलताहेत का, आणि बोलत असले की मला अचानक काम निघतं. मागच्या वर्षी तू म्हणालीस की हे हल्ली दाराचं कुलूप चारचारदा ओढून बघतात, शाळेतही सगळं लिहून ठेवतात, स्वतःवर विश्वासच उरला नाही. मी म्हणाले, वय झालं असेल. अडतिसाव्या वर्षी!

तरी हेही पत्र मी नुसतं गाडीचंच लिहून पाठवलं असतं. मला माझी ओळख आहे. पण परवा दुपारी दुकानात फोन आला. मालकीणबाई म्हणाल्या, कुणी मास्तर आहेत, फार हळू बोलतात. भाऊजी होते. आधी माझी तब्येत विचारली, जेवण वेळेवर होतं का विचारलं. मग म्हणाले, "तुमच्याकडे असं काही मिळतं का ग, की ब्रेक न लावता हात काढला तर गाडीच वाजेल? घंटा वगैरे. मला भरवसा नाही माझा. पण तशी सोय असली तर ही कदाचित मला नेऊ देईल दोघांना, निदान बागेपर्यंत. तिला कामावर जायचं आहे ग, बोलत नाही पण मला कळतं. आणि मी विचारलं हे तिला सांगू नकोस हं." मी म्हणाले, बघते. आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर अर्ध्यात मी काहीतरी विनोद केला असता. तू वाचलंस की त्यांच्या हातात दे, किंवा तूच मोठ्याने वाच, आईसमोर वाचलंस तर बरंच. राजीनामा तेवढा अजून देऊ नकोस. मी रविवारी सकाळी येते आहे. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, या वेळी बस पकडणार नाही. मला काय बोलायचं ते बोल, कमीच पडेल. पण त्याआधी त्यांना सांग. घंटा नको. ते काहीही विसरले नव्हते. त्यांनी ब्रेक लावला होता.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझीच
भिंगरी