दादाच्या प्रोग्रॅमवरचं नाव

बारामती, १४ मार्च १९९९

आज इंदापूरच्या एका दुकानात दादाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम विकायला ठेवलेला दिसला. दादाने तो इंटरनेटवर फुकट ठेवला होता. वापरा, बदला, विकासुद्धा. फक्त माझं नाव राहू द्या, एवढीच त्याची अट. दादाला जाऊन अजून वर्षही झालं नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम सुरू होता; पडद्यावर दादाच्या नावाच्या जागी दुकानाचं नाव होतं.

"विकायची परवानगी त्यांनीच दिलीय की, ताई," दुकानदार म्हणाला.

"विका. पण नाव का काढलं?"

"नावाचं काय एवढं? चालतंय तर झ्याक!"

हे कायद्यात बसतं का? कुणाला विचारू? आणि बसलं, तरी नाव पुसायचं?

घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "दादाचा प्रोग्रॅम इंदापुरात लोक विकत घेतात."

"व्हय? म्हंजी त्याचं नाव झालं की गं!" आई हरखली.

मी 'हो' म्हणाले.