बायकांचे जबाब आणि त्यांची किल्ली

मी, कावेरी दत्ताराम सामंत, वय एकोणसाठ, राहणार वालावल, तालुका कुडाळ, माझी बुद्धी शाबूत आहे तोवर हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. 'तोवर' हा शब्द मुद्दाम घातला आहे. विसर वाढत जाणार, असे सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे.

१. राहते घर व मागची आंब्याची कलमे मथुरा धुरी हिला द्यावीत. ती काजूच्या कारखान्यात काम करते आणि माझ्या आजारपणात मला सांभाळते.

२. माझा दीर भाई याला काही देऊ नये. तो त्याच कारखान्याचा व्यवस्थापक. तिथला मुकादम बायकांच्या अंगाला हात लावतो, त्याबद्दलचे त्यांचे जबाब मी संगणकावर घेऊन फ्लॉपीवर ठेवले. ते कळताच भाई ओटीवर येऊन म्हणाला, "वयनी, ती फ्लॉपी माका दी. मालक आपलोच माणूस आसा." मी म्हटले, "मगे त्या बायकांसमोर येवन ह्याच बोल." तो चहा न घेताच गेला.

३. संगणक व दोन्ही फ्लॉपी माझे वकील गुरुदास राऊळ यांच्या ताब्यात द्याव्यात. एकीवर जबाब आहेत, पण कुलूपबंद. उघडून पाहिल्यास नुसता अक्षरांचा गोंधळ दिसेल. दुसरीवर 'मीठ' आहे, म्हणजे कशीही उचललेली काही अक्षरे. मुंबईच्या संगणकाच्या नोकरीत आम्ही त्याला हेच म्हणत असू. परवलीच्या शब्दात हे मीठ कालवून माझा प्रोग्राम ते पुन्हा पुन्हा घुसळतो, तेव्हा किल्ली तयार होते. किल्ली कुठेच साठवलेली नाही. मीठ गुपित नाही, पण या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी येते आणि ते गेले तर जबाबही गेले. गुरुदास, प्रती काढा. विसरू नका.

४. यंदाच्या शिमग्यात मला परवलीचा शब्दच आठवेना. कळफलकावर बोटे ठेवून बसून राहिले. संध्याकाळी तो आपसूक आठवला. लगेच मथुरेला बोलावले.

"काकी, माका ही जोखीम नको. भाईन धमकावल्यान तर?"

"तुझोय जबाब आत आसा गो. तूच ठरव."

तिने शब्द पाठ केला, स्वतः टंकला, स्वतःचा जबाब वाचला आणि म्हणाली, "बंद कर आता."

५. खटला उभा राहिला आणि बायका तयार असल्या, तरच मथुरेने जबाब उघडावेत. गुरुदास यांनीही आग्रह करू नये.

६. यापुढे मी स्वतः शब्द विचारला, रडून विचारला, तरी मथुरेने तो मला सांगू नये. तेव्हा माझ्या शेजारी भाई बसलेला असेल.

वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

कावेरी दत्ताराम सामंत

साक्षीदार: आनंदीबाई प्रभू, सत्यवान परब
वालावल, दिनांक १४ एप्रिल १९८८