मिशन शाळेच्या फाटकावर

सोमवार, १ फेब्रुवारी

हुकूम आला! सरकार ज्या शाळांतल्या शिक्षकांचा पगार देतं, तिथे मुसलमान मुलींनी डोकं झाकलं तर अडवायचं नाही. आमची मिशन शाळाही त्यातच. पाद्री अकिनबोडे नुसते तापलेत – "पगार त्यांचा असेल, विटा आमच्या बापांनी वाहिल्यात!" खरंच आहे. माझ्याही बापाने वाहिल्या. बुधवारपासून चर्चच्या वडीलधाऱ्यांनी फाटकावर उभं राहायचं. किल्ली माझ्याकडे दिली. नाही म्हणता आलं नाही.

पण मुइनातचं काय करू? नात माझ्याकडे राहते, याच शाळेत शेवटच्या वर्गात शिकते. लेकीने मुसलमान नवरा केला तेव्हा घरात कोणी रडलं नव्हतं. इलेयाला, म्हणजे बकरी ईदला, जावई मेंढ्याची मांडी पाठवतो, नाताळला मी भात पाठवतो. वीस वर्षं सुरळीत चाललंय. आणि आता हे! परीक्षेच्या नोंदणीचं मशीन कधीही येईल. अंगठा स्वतः जाऊन द्यावा लागतो. चुकला की वर्ष गेलं.

मंगळवार, २ फेब्रुवारी

फाटकाच्या कुलपाला तेल घातलं. किल्ली दोनदा फिरवून पाहिली.

बुधवार, ३ फेब्रुवारी

आठ मुली अडवल्या. मुइनात त्यांच्यातच, माझ्याकडे न बघता उभी. त्यांच्याच वर्गातली इबिदुन मात्र डोक्याला पांढरं बांधून सरळ आत गेली. ती पांढऱ्या झग्यांच्या चर्चमधली. नवस असला की त्यांच्या मुली पांढरं बांधतात. पाद्री म्हणाले, "नवसाची आहे, जाऊ द्या." डोकं झाकलेलं ते झाकलेलंच की! मी तिच्या मागे फाटक लावलं.

घरी मुइनातला म्हटलं, "फाटकापुरतं काढ ना, बाळ."

"आजोबा, तुम्ही फाटकापुरता गळ्यातला क्रूस काढाल?"

हल्लीच्या पोरी फार बोलतात.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

खोटं बोललो. देवा!

सकाळी मुइनातला म्हटलं, निळा रुमाल राहू दे, आज पांढरा बांध. तिने कारण विचारलं नाही. फाटकावर मीच मोठ्याने म्हणालो, "नवसाची आहे!" सोडली. मशीन काही आलं नाही.

परत आली ती फणफणतच. "मला न विचारता कुठल्या चर्चची करून टाकलीत?"

"अंगठ्यापुरती गं."

"तुमचं सगळंच कशापुरतं तरी असतं."

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आज आठही मुली पांढऱ्यात! पहिली म्हणाली, नवसाची. दुसरी – नवसाची. तिसरीला तर हसूच आवरेना. पाद्री माझ्याकडे वळले. "जोसायाबाबा, एका आठवड्यात एवढे नवस? देवाला दुसरं काम नाही का?"

मी हो म्हणालो. म्हणजे – सगळ्या नवसाच्या, असं म्हणालो. आत गेल्या. मशीन आजही नाही. वीज नव्हती म्हणे.

मुइनातला विचारलं, तू सांगितलंस त्यांना? "मी एकटीच का जाऊ?" एवढंच म्हणाली. पण आज माझ्या ताटात मासा तिनेच वाढला.

रविवार, ७ फेब्रुवारी

पाद्रींनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं – उद्यापासून निळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही. म्हणजे इबिदुनही बाहेर! तिची आई बाजारात मला गाठून म्हणाली, "बाबा, भांडण तुमचं आणि त्यांचं. माझ्या लेकीचा नवस मध्ये कुठून आला?" माझ्या तोंडातून आला, बाई. पण तिला सांगायची हिंमत झाली नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

मशीन आलं. फाटकाबाहेर नऊ मुली. पाद्रींनी मला बाजूला घेतलं. "तुमची नात आहे म्हणून. तिला एकटीला सोडा, मी पाहिलं नाही." मी कुलूप काढलं. फाटक हातभर उघडलं. म्हणालो, मुइनात, ये लवकर!

ती जागची हलली नाही. "सगळ्यांना सोडा."

"वर्ष जाईल, पोरी!"

"माझं एकटीचं नाही जाणार."

फाटक पुन्हा मीच लावलं. मशीन तीन वाजता गेलं. या हट्टी पोरीने स्वतःच्या हाताने वर्ष घालवलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

शाळेत राहिलेली वायर न्यायला मशीनवाला परत आला होता. त्याला म्हटलं, साहेब, नऊ अंगठे राहिलेत, काही करता येईल? त्याने शाळेकडून आलेली यादी उघडली. इबिदुनचं नाव होतं. मुइनात आणि त्या सात जणींची नव्हतीच. काल आत आल्या असत्या तरी अंगठा घेतला नसता. यादी डिसेंबरातच गेलेली, हुकूम यायच्या दोन महिने आधी. वर लिहिलंय – सकाळच्या प्रार्थनेला न येणाऱ्या मुली वगळून. खाली वडीलधाऱ्यांच्या सह्या. तिसरी माझी. पाद्री म्हणाले होते, इथे करा, बाबा. मी वाचलं नव्हतं.

मुइनातला अजून सांगितलेलं नाही.