परक्याची गाडी आणि उणे एकोणपन्नास

ब्रायर क्रीक, सस्कॅचवान

तीर्थरूप सौ. प्रभाआत्या यांना,
दोन जोड हातमोज्यांतून मुद्दाम बाहेर काढलेल्या हातांनी आसावरीचा नमस्कार.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्या व्यक्तीला, आपण विचारले नसताना, एवढे लांब पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. फोनवर बोलता आले असते. पण फोनवर मी ‘बरं’ या शब्दापलीकडे जात नाही, हे आपण जाणताच, आणि माझ्या ‘बरं’चा अर्थ होकार असा लावला जातो, हा माझा अनुभव आहे. आपले गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? कराडच्या स्थळाविषयी आपण उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर मागितले आहे, हे माझ्या पूर्ण ध्यानात आहे. त्या मंडळींविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. आजचे पत्र मात्र केवळ थंडीविषयी आहे.

एकावर एक असे दोन स्वेटर घालावेत, असे आपण मागे सुचवले होते. आत्या, त्यांची गणना येथे अंतर्वस्त्रांत होते. येथील रेडिओ रोज सकाळी दोन आकडे सांगतो. पहिला तापमापकाचा आणि दुसरा वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारा. बुधवारी पहिला उणे छत्तीस होता आणि दुसरा उणे एकोणपन्नास. (नऊ हिवाळे काढलेल्या माणसाला पहिला आकडा ऐकूच येत नाही.) एवढ्या वाऱ्यात उघडी कातडी पाच मिनिटांत गोठते, म्हणून सारे गाव डोळ्यांपुरती फट ठेवून गुंडाळलेले असते आणि माणसे एकमेकांना कोटावरून ओळखतात. आमच्या ग्रंथालयातल्या एका बाईंनी गेल्या वर्षी नवा कोट घेतला, तर आठवडाभर त्यांची कोणी विचारपूस केली नाही. शिवाय अशा दिवशी गाडी बंद करायची नसते, कारण बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री एप्रिलपर्यंत कोणी देत नाही. त्यामुळे पोस्टासमोर पाच-सहा गाड्या मालकांविना, किल्लीसकट, धूर सोडत उभ्या असतात. कुलपे गोठतात म्हणून ती कोणी लावीत नाही, आणि चिखल व बर्फ थिजून साऱ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या असतात.

बुधवारी चार वाजता मी ग्रंथालयाची पाकिटे टाकून पोस्टातून बाहेर पडले. चष्म्यावर माझ्याच श्वासाची वाफ धरली आणि शेवटच्या पायरीपर्यंत तिचा बर्फ झाला. मी अंदाजाने माझ्या गाडीत बसले आणि गावाबाहेरच्या माझ्या खोलीकडे निघाले. थंडीत उभ्या राहिलेल्या गाडीची चाके खालून चपटी होतात आणि पहिले काही अंतर ती बैलगाडीसारखी धडधडते. माझी गाडी सकाळपासून पोस्टासमोर सुरू ठेवून उभी होती, तरीही त्या दिवशी ती लोण्यासारखी चालली. ईश्वराची कृपा, असे मी मनाशी म्हटले. तेथेच शंका यायला हवी होती. (शालान्त परीक्षेत केंद्रात पहिली आलेली मुलगी एवढी मंद कशी, असे आपण कृपया विचारू नये.)

गाव मागे पडल्यावर मागच्या आसनावरची रजई बोलू लागली.

“टॅरस, हीटर वाढव रे. पाय लाकडं झालेत माझे.”

आत्या, माझ्या काळजाने त्या क्षणी काय केले ते शब्दांत मांडता येत नाही. गाडीने रस्ता सोडला नाही, एवढेच सांगते. त्या होत्या स्टेफनिया हरासिमचुक, वय वर्षे चौऱ्याहत्तर. एका डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, त्यावर झाकण. दुसरा डोळा नावापुरता. त्यांचे चिरंजीव टॅरस दर बुधवारी आमच्या ग्रंथालयात येतात, म्हणून मी नाव ओळखले. मी लगेच बोलायला हवे होते. परंतु आपल्याला कोणी पळवून नेत आहे, या कल्पनेने त्या वयात काहीही होऊ शकते, असा विचार करून मी गप्प राहिले. (खरे कारण असे, की अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही, आणि आपण त्याची आईसकट गाडी चोरलेली असली, तर विशेषच नाही.) मागे वळणेही शक्य नव्हते. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आणि वळायला जागा थेट धान्याच्या कोठारापाशी, सहा किलोमीटरवर होती. मी हीटर वाढवला.

“नकोच बोलू,” रजई म्हणाली. “तुझा बाप निदान खाकरायचा तरी. आज तरी विचारलंस का त्या ग्रंथालयातल्या पोरीला? नाही ना? परत पुस्तक घेऊन आलास. मधमाश्यांवरची सात पुस्तकं झाली, टॅरस. घरात एक मधमाशी नाही.”

मी स्टिअरिंग घट्ट धरले.

“आणि मुदतीच्या आत परत करतो गाढव. जरा उशीर केला असतास, तर ती रागावली असती. तेवढंच बोलणं.”

मला एकाच वेळी दोन धक्के बसले. पहिला आपल्या लक्षात आला असेलच. दुसरा अधिक खोल होता. ती सात पुस्तके मी तीन निरनिराळ्या शहरांतून मागवली होती. एकाचा कणा सुटलेला पाहून तो मी स्वतः चिकटवला होता. म्हणजे ती केवळ नेण्यासाठी नेली गेली? माणूस मनातले सांगत नाही, हे मी समजू शकते. मी स्वतःच तशी आहे. पण पुस्तक न वाचता परत करणारा माणूस मी समजू शकत नाही.

कोठारापाशी पोहोचले, तोच मागून एक गाडी चौकोनी चाकांवर धडधडत आली. ती माझी होती. आईसह आपली गाडी नाहीशी झालेली पाहून टॅरसनी जी हाताला लागली ती सुरू गाडी घेतली होती, म्हणजे कायद्याने आम्ही दोघेही आता चोर होतो. दोघे खाली उतरलो. त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, माझ्या एकमेकींना चिकटत होत्या. पहिले मिनिट मी क्षमा मागण्यात घालवले. तेवढ्यात मागचे दार बोटभर उघडले.

“टॅरस बाहेर उभा आहे, तर गाडी कोण चालवत होतं?”

मी माझे नाव सांगितले.

“म्हणजे ऐकलंस सगळं. बरं झालं, पोरी. वर्षभराचं काम वीस मिनिटांत झालं. आता लवकर आटपा दोघं, वारा आत येतोय.” आणि दार लागले.

टॅरस उभेच होते. पाच मिनिटांत कातडी गोठते हे दोघांनाही माहीत असल्यामुळे प्रस्तावनेला वाव नव्हता. मी विचारले, पुस्तके वाचलीत का?

“सातही वाचली,” ते म्हणाले. “तीन टुकार होती.”

कोणती तीन, असे मी विचारले. त्यांनी सांगितली. आत्या, ती तीन टुकारच आहेत. माझे हे मत मी आजवर कोणापाशीही बोलले नव्हते.

मग त्यांना जे विचारायचे होते ते त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या नाकाचा शेंडा पांढरा पडू लागला होता. असे नाक दिसले, तर समोरच्याने सांगायचे असते, हा येथील शिष्टाचार आहे. आपले नाक गोठते आहे हे आपल्याला कळत नाही. मी सांगितले नाही. हातमोजा काढून त्या नाकावर तळहात ठेवला. (हा निव्वळ प्रथमोपचार होता.) घरी एका वडीलधाऱ्या व्यक्तीला पत्र लिहिल्यावाचून मला काही बोलता येणार नाही, शनिवारी सांगेन, असे म्हणून मी माझ्या गाडीत बसले आणि धडधडत घरी आले.

असो. थंडी म्हणाल तर बरी आहे. सर्वांना नमस्कार सांगावा.

आपली आज्ञाधारक,
आसावरी

ता. क. कराडच्या मंडळींना नकार कळवावा, ही नम्र विनंती. कारण काय सांगावे हे मला सुचले नाही, आपल्याला सुचेल.

ता. क. दुसरा. बाबांना आपणच सांगावे. ते आपल्याला घाबरतात. मीही घाबरते, पण मी अकरा हजार किलोमीटरवर आहे आणि ते शेजारच्या गल्लीत.

ता. क. तिसरा. टपालाला तीन आठवडे लागतील, म्हणून या पानांचे फोटो आपल्या फोनवर पाठवीत आहे. टॅरस येऊन थांबले आहेत. त्यांची गाडी खाली सुरू आहे, ती बंद करता येत नाही, आणि टाकी रिकामी होत आली आहे असे ते खिडकीखालून हाताने खुणावत आहेत. त्यामुळे आपल्या उत्तराची वाट पाहणे शक्य नाही. आशीर्वाद मागाहून पाठवावा. मी खाली जाते.

शनिवार, १८ जानेवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.