घरगुती कारण

१२ जून

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. जिना चढताना पाय अजून दुखतो का?

आधी बातमी. नोकरी लागली! औषधांच्या शीतगृहात. थंडाव्याची सगळी मशिनं आता माझ्या ताब्यात.

आता रागावू नकोस. तू लिहून पाठवलेला बायोडेटा मी जसाच्या तसा दिला नाही. मालकाशी भांडून निघालो म्हणून फ्रीज दुरुस्तीच्या दुकानातलं दीड वर्ष तू गाळलंस, आणि शाळेतलं धावण्याचं बक्षीस घातलंस. अगं, मशीन बंद पडल्यावर मी काय पळत सुटणार आहे? बक्षीस खोडलं, दुकान लिहिलं, वर मालकांचा नंबरही दिला.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. स्पीकरवर!

"तो होय?" मालक गरजले. "एक नंबरचा तापट! गिऱ्हाइकासमोर मला उलट बोलला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

"पण आम्ही भांडलो तेव्हा त्याच्यापुढे फ्रीज उघडा पडला होता. तो त्यानं जोडला, तासभर बसून गार होतोय का पाहिलं, आणि मगच पाना आपटून गेला. तुम्हाला नको असेल तर माघारी धाडा त्याला!"

मॅडम खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "कॉलेज का सोडलंस? इथे काहीच लिहिलं नाहीस."

तिथे तू 'घरगुती कारण' लिहिलं होतंस. तेही मी खोडलं होतं. खरं तेच सांगितलं. वर्गातल्या एका मुलीला विचारलं, ती नाही म्हणाली, आणि पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकवलं नाही.

"अजून आवडते?"

"हो." काय करू, आवडतेच.

ताई, हे तुझ्या अपघाताच्या आठ दिवस आधीचं. तू पाय मोडून पडलीस आणि मला घरी बसायला निमित्त मिळालं. 'माझ्यापायी भावाचं शिक्षण सुटलं' असं तू येईल त्याला डोळे पुसत सांगायचीस, आणि मी शेजारी बसून दोन वर्षं ऐकून घेतलं. परक्या बाईला एका दमात सांगितलं, तुला सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती.

तुझ्या पायाचा यात काही दोष नाही. हवा तेवढा कान पिळ, पण आता कुणापुढे डोळे पुसू नकोस. सोमवारी मी कामावर रुजू होतोय, ते सांग सगळ्यांना.

तुझ्यासाठी काहीही न सोडलेला,
तुझा भाऊ