काठीची जागा

अण्णा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्याशी काही बोलायचं राहून गेलंय असं मला एरवी फारसं वाटत नाही, कारण आपण दोघं बोलणारी माणसं नव्हतोच. पण परवा इथे या हिवाळ्यातला पहिला मोठा बर्फ पडला, आणि तेव्हापासून मला सारखी तुमची गिरणी आठवते आहे. भर थंडीत, गॅरेजच्या दारात, पेट्रोलच्या वासातून मला ज्वारीच्या गरम पिठाचा वास येतो.

इथे ओहायोत घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे ज्याचा त्यानेच साफ करायचा असतो. इतकी वर्षं नवरा फावड्याने करायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या कमरेची चकती सरकली, म्हणून यंदा आम्ही बर्फ उडवायचं मशीन घेतलं. तुम्हाला ते आवडलं असतं. मागून दोन्ही हातांनी धरून चालायचं. पुढे रुंद लोखंडी तोंड, त्यात आडवी फिरणारी पिळाची पाती. ती बर्फ आत ओढतात, आणि मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. घ्यायचं, आत गरगरवायचं, तोंडातून बाहेर टाकायचं. तुमच्या चक्कीचंच काम, फक्त बर्फाचं पीठ होत नाही.

खोक्यातून आलं तेव्हा ते अर्धवटच होतं. मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी, दोघींनी ते ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी जोडलं. ती मॅन्युअल वाचायची, मी पाना फिरवायची. मुठीचे दांडे उभे करून बोल्ट आवळले, नळकांडं बसवलं, दोन्ही लिव्हरच्या केबल सैल आहेत की ताठ ते पाहिलं. मूठ सोडली की पाती थांबली पाहिजेत, ते तिने मला तीन वेळा करायला लावलं. तेल तपासलं, टायरमधली हवा तपासली. पिशवीत चार जास्तीच्या पिना निघाल्या. "आई, या पिना वीक आहेत. ऑन पर्पज," ती म्हणाली. मी सांगितलं, पात्यात दगड अडकला तर पिन तुटते आणि आतली गिअरची पेटी वाचते. "हाऊ डू यू इव्हन नो धिस?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा पट्टा असाच निसटायचा, मोटर जळू नये म्हणून. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ही साउंड्स कूल."

मशीनच्या अंगावर एका खोबणीत एक लाल प्लास्टिकची काठी अडकवलेली होती. अडकलेला बर्फ काढायला. ती पाहिली आणि मी पाना खाली ठेवला.

मग आली खंडेनवमी. सांगलीला त्या दिवशी तुम्ही चक्की बंद ठेवायचात. दगड झाडून, पट्टा पुसून, मोटरला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचात, आणि दसरा झाल्यावर बटण दाबण्याआधी तो हार स्वतःच्या हाताने उतरवायचात. उतरवण्याचं मी विसरले, घालण्याचं नाही. इंडियन स्टोअरमधून नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला हार आणला आणि मशीनच्या तोंडावर घातला. नवरा कमरेला पट्टा बांधून दारात उभा. "यार, स्नो ब्लोअर आहे तो. नवरदेव नाही." मी म्हटलं, "तुझ्या कमरेलाही कुंकू लावू का, चालायला लागेल." हार तिथेच वाळला. पुढे कधीतरी घसरून पात्यांमागे गेला असणार. मी पाहिलं नाही.

परवा सकाळी शाळेला सुट्टी मिळाली, आणि मुलगी म्हणाली, मी करते. मी बूट, गॉगल, हातमोजे घातले की नाही पाहिलं. मफलर काढायला लावला, लोंबतं काही नको. मशीन गॅरेजबाहेर काढून मगच सुरू केलं, धूर आत कोंडतो म्हणून. नळकांडं वाऱ्याच्या दिशेने, शेजाऱ्यांच्या गाडीपासून दूर वळवलं. पहिले दोन पट्टे सुरेख निघाले. बर्फाची कमान उडत होती आणि ती हसत होती. मग रस्त्याजवळचा ओला, जड बर्फ आला. मशीन कण्हलं, गचकलं आणि बंद पडलं. तिने मूठ सोडली आणि पुढे येऊन वाकली. "देअर्स समथिंग ऑरेंज इन देअर," असं म्हणत तिने हात आत घातला.

मी ओरडले नाही, अण्णा. मी मारलं. तिच्या दंडावर फाडकन, जाड जाकिटावरून सुद्धा आवाज आला. हात बाहेर आला. मी तिला आजवर कधी मारलं नव्हतं. "इट वॉज ऑफ!" ती ओरडली. "इट वॉज ऑफ, आई!" आणि घरात निघून गेली.

मी किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर काढली, थांबले. मग लाल काठीने तो गुंता ढोसला. केशरी नायलॉनचा दोरा पात्यांच्या दांड्याला आवळून बसला होता, त्यात काळी पडलेली झेंडूची फुलं. दोरा सुटला आणि बंद पडलेल्या, किल्ली काढलेल्या मशीनची पाती पाव फेरा झटक्याने फिरली. आतल्या पट्ट्यात ताण राहिला होता. काठीच्या टोकावर चर पडला. तिची बोटं नेमकी तिथे होती. मी बर्फात खाली बसले.

मी दहा वर्षांची होते. ओलसर ज्वारी नरसाळ्यात अडकली होती, तुम्ही बटण बंद केलं होतं आणि एका काकूंचा डबा उतरवून घेत होतात. मदत करावी म्हणून मी पायरीवर चढून हात घातला. तुम्ही मला खाली ओढलंत आणि गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत मारलीत. गालावर पीठ उमटलं. रांगेतल्या बायका हसल्या. "मोटर बंद झाली म्हणजे दगड थांबला का?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा डबे घ्यायला लागलात. मी घरी जाऊन आईजवळ रडले, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "घाबरलेत गं ते. जेवले नाहीत दुपारी." मला ते पटलं नाही. घाबरलेला माणूस असा दिसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तुम्ही मला एक काठी दिलीत. बाभळीची, माझ्या हाताच्या मापाची, दोन्ही टोकं काचेने तासून गुळगुळीत केलेली. "तुझी," म्हणालात. चक्कीशेजारी भिंतीत माझ्या उंचीवर एक खिळाही ठोकलात. आठवड्याभरात ती काठी नाहीशी झाली. मी म्हटलं, हरवली. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसरी केलीत आणि त्याच खिळ्याला टांगलीत. ती मी कॉलेजात जाईपर्यंत तिथे होती.

परवा दिवसभर मुलगी माझ्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट खोलीत नेलं. नवरा म्हणाला, "तू जाऊन सॉरी म्हण ना." मी म्हटलं, "कशाचं सॉरी? बोटं गेली असती." तो म्हणाला, "मला माहितीये. तिला नाही." मी तरीही गेले नाही. काल सकाळी मशीन पुसायला गेले तर खोबणी रिकामी. तिला विचारलं, तर फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आय डोन्ट नो." तो आवाज मी ओळखते. माझाच आहे.

मी शोधलं नाही. जुन्या झाडूचा दांडा कापला, टोकं सँडपेपरने घासली, हातात कुसळ जाऊ नये म्हणून पुन्हा घासली. आज सकाळी तिला गॅरेजमध्ये बोलावलं. ती आली, हाताची घडी घालून उभी राहिली. पात्यांच्या दांड्याभोवतीचा उरलेला दोरा मी तिला दाखवला, पाती कशी फिरली ते सांगितलं. हार मी घातला होता आणि काढायला मीच विसरले होते, हेही सांगितलं. म्हटलं, मी घाबरले होते. मारायला नको होतं. तुला तेव्हाच, तिथेच सांगायला हवं होतं, ते मी दोन दिवस लांबवलं.

ती त्या काळ्या फुलांकडे पाहून म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट सेड स्टॉप."

"थांबली असतीस?"

"प्रॉबेब्ली नॉट." मग बुटाच्या टोकाने फरशी उकरत ती म्हणाली, "आई, ती रेड स्टिक... मी ट्रॅशमध्ये टाकली. आय वॉज सो मॅड." आणि स्वतःच कचऱ्याचा डबा उघडून, पिशवीत हात घालून ती काढून आणली, पुसली, खोबणीत बसवली. झाडूची काठी तिने भिंतीवरच्या हुकाला लावली. "बॅकअप," म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही.

हे पत्र मी मॅन्युअलच्या प्लास्टिकच्या पिशवीत, उरलेल्या पिनांबरोबर ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे पाठवायचं? वसंतात मशीनमधलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालवून ठेवायचं असतं, तेव्हा पिशवी पुन्हा उघडेन. तिला दीड दिवस लागला, अण्णा, मला पस्तीस वर्षं. तुम्ही दिलेली ती पहिली काठी हरवली नव्हती. मी ती बंबात घातली होती, आणि पुरती जळली असं वाटेपर्यंत तिथे उभी होते. दुसऱ्या दिवशी राख तुम्ही काढली होतीत. बाभळीचं लाकूड लवकर पुरतं जळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.